इंग्लंडचं नाव लावलेली धोंडी

समोर उभा आहे तो माणूस आहे हे पक्कं माहीत असताना, त्याच्या डोक्यावर घागर उपडी करून तुम्ही कधी हसला आहात का?

लगेच नाही म्हणू नका. तुमचं लहानपण आमच्या परभणीकडे गेलं असेल तर जरा आठवून बघा. आषाढ कोरडा जायला लागला, पेरलेलं माना टाकायला लागलं की गावात धोंडी काढायचे. एका माणसाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कडुलिंबाच्या डहाळ्यांत गुंडाळायचं, वाजवत दारोदार फिरवायचं आणि प्रत्येक दारात बायापोरांनी त्याच्यावर पाणी ओतायचं. पाऊस यावा म्हणून. अजूनही कुठे कुठे काढतात. आता हौसेनं कुणीही होतं. पूर्वी पाल्यात कोण शिरणार हे ठरलेलं असायचं. आमच्या गावात तो माणूस आमच्या घरातला असायचा.

पेडगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. माझे आजोबा तरुणपणी तिथले धोंडी होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. निरोप यायचा आणि जायचं. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला, गावकीची कामं सोडली, त्यात हेही सुटलं. गावानं मात्र तो शब्द सोडला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, लहान असताना एकदा आजोबांचा हात धरून एसटीची वाट बघत उभे होते. तेव्हा एका म्हाताऱ्यानं लांबून हाक मारली, "काय धोंडी, कुणीकडं निघाला?" आजोबांनी नुसती मान हलवली. घरी आल्यावर अण्णांनी धोंडी म्हणजे काय असं विचारलं, तर आजोबा उठून बाहेर गेले. ते वारले तोवर त्यांनी त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

अण्णा त्यांच्या अगदी उलट निघाले. सरकारी कचेरीत कारकुनी करता करता त्यांनी जन्मभर पत्रकं काढली. एक मे, चौदा एप्रिल, सहा डिसेंबर हे तर होतेच, शिवाय नळाला पाणी आलं नाही, वसतिगृहात पोरांना कच्च्या पोळ्या मिळाल्या, कुणाच्या वरातीला रस्ता नाकारला, काहीही झालं की दोन दिवसांत आमच्या घरात पत्रकाचा गठ्ठा यायचा. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या घड्या घालताना. गोष्टीची पुस्तकं आमच्या घरात नंतर आली, आधी 'बंधू-भगिनींनो' आलं. अण्णांचा नियम एकच होता. जे खरं असल्याचं आपल्याला स्वतःला माहीत नाही, ते छापायचं नाही. एकदा मी एका सभेच्या वृत्तांतात 'प्रचंड गर्दी' असं टाईप केलं होतं. त्यांनी 'प्रचंड' खोडलं आणि 'बरी' केलं.

मी त्यांचीच मुलगी. कुणाच्या नाटकात, चित्रात, अगदी लग्नपत्रिकेवरसुद्धा जुन्या गावगाड्याचं कौतुक दिसलं की माझं डोकं फिरतं. त्यावर मी लिहिते, भांडते, लोक तोडते. म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते आहे.

माझी एक मैत्रीण गंगाखेडला शाळेत चित्रकला शिकवते. पोखर्णीकडच्या बागायतदार घरातली. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसून भांडायचो, अजूनही भांडतो. दोन-तीन वर्षांपूर्वी तिला इंग्लंडमधल्या ऋतूंच्या सणांचं वेड लागलं. रात्रंदिवस मोबाईलवर तेच बघायची आणि मला पाठवायची. तिथल्या शेतकऱ्यांमध्ये कापणीच्या शेवटच्या पेंढीची बाहुली विणायची आणि पुढच्या नांगरटीपर्यंत घरात ठेवायची चाल होती. कुठल्याशा गावात ऐन थंडीत नांगऱ्यांना काम नसायचं, तेव्हा ते आपल्यातल्याच एकाला गवतात बांधून त्याचं अस्वल करायचे आणि दारोदार नाचवायचे. शेजारच्या वेल्समध्ये घोड्याची कवटी काठीला लावून, तिला पांढरी चादर पांघरून, दारात उभं राहून आतल्या माणसांशी गाण्यात भांडायचे.

ती हे सगळं काढायला लागली, पण तिच्या पद्धतीनं. बाहुलीची पेंढी ज्वारीची झाली. अस्वलाचं गवत म्हणजे गंगाखेडच्या फडातलं उसाचं पाचट. ते तिनं नुसतं रंगवलं नाही, खरंच एका माणसाला पाचटात बांधून समोर उभं केलं आणि मग काढलं. त्याला नंतर दोन दिवस खाज सुटली होती. कवटीच्या जागी बैलाचं मुंडकं आलं. चित्रं बघताना असं वाटायचं की हे लोक आत्ता वळणावरून येतील आणि तरी ते इथले नाहीत.

मी तिला विचारलं होतं की हे इंग्रजांचं कशाला, आपल्याकडे सण कमी आहेत का. ती म्हणाली, "आपल्याकडचं काही काढलं की लोक त्यात आधी देव हुडकतात, मग जात हुडकतात. इंग्रजाचं काढलं की गुपचूप चित्र बघतात." मी त्यावर तिला बरंच सुनावलं. पण खरं सांगायचं तर ते मला पटलं होतं.

गेल्या एप्रिलात, जयंतीची धामधूम संपल्यावर, तिनं मला गंगाखेडला बोलावून घेतलं. परभणीत तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि शेवटचं चित्र राहिलं होतं. विषय माझ्यासाठीच निवडलाय म्हणाली. लंडनमध्ये धुराडी साफ करणारे कामगार होते. वर्षभर काजळीत काळे. त्यांचा वर्षातला एक सण म्हणजे एक मे. त्या दिवशी ते एका माणसाला हिरव्या पानांच्या उंच टोपल्यात उभं करायचे आणि फावडी, झाडू वाजवत त्याला रस्त्यानं नाचवत न्यायचे. आत कोण आहे कळायचं नाही, नुसतं चालतं झाड. आता ते धुराडेवाले राहिले नाहीत, पण काही गावांत तो पानांचा माणूस अजून निघतो आणि शेवटी लोक त्याची पानं शुभ म्हणून घरी नेतात.

एक मे, झाडूवाले कामगार, हिरवा माणूस. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला याहून जास्त काय हवं? ती म्हणाली की पानात बसायला कुणीतरी पाहिजे, दोन-तीन तास न हलता. शाळेतली पोरं हलतात. मी बसते म्हणाले.

तिच्या भाड्याच्या खोल्यांवर गच्ची होती, तिथं शेडनेट बांधलेलं. बुरडाकडून तिनं कामट्यांचा सांगाडा करून आणला होता, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखा, पण माणसाएवढा. एप्रिल अखेरीला आमच्याकडे हिरवं काय असतं? लिंब. खालच्या घरमालकाच्या लिंबाच्या डहाळ्या आम्ही दोघींनीच तोडल्या. नव्या पालवीच्या, फुलोऱ्याच्या. मी स्टुलावर बसले, तिनं सांगाडा वरून ठेवला आणि डहाळ्या खोचत गेली.

तोपर्यंत मला धोंडी आठवली नव्हती. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण नव्हती. अण्णांच्या पत्रकात तो विषय नेहमी एका ओळीत यायचा, 'गावकीची अपमानास्पद कामे', त्यात लिंबाचा वासही नव्हता की पाण्याचा आवाजही नव्हता. माझ्या डोक्यात लंडन होतं.

अकराच्या उन्हात पाला तासाभरात मलूल झाला. पानं लोंबायला लागली. मैत्रीण वैतागली, बादली आणि तांब्या घेऊन आली आणि वरून पाणी ओतलं, पानं ताजी राहावीत म्हणून. पाणी कामट्यांवरून, पानांवरून, माझ्या केसांतून मानेत उतरलं. मी दचकून ओरडले, तशी ती हसली. मीही हसले. तिनं दुसरा तांब्या ओतला, आणि ओतता ओतता तिच्या तोंडून सवयीनं, अगदी लहान पोरीच्या सुरात, ती ओळ निघाली, दारात धोंडी आली की पोरं ओरडतात ती. अर्ध्यातच थांबली.

मला पानांतून तिचे फक्त पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

मग ती हळू म्हणाली, "आमच्या दारात यायचा. मी ओतलंय गं. लय हसायचो आमी."

तिनं विचारलं, "काढू का हे? उतर तू."

आता ऐका. माझ्या आजोबांना ज्यात उभं केलं होतं त्यात मी बसले होते, आणि ज्या घरांमधून त्यांच्यावर पाणी पडलं असेल तशाच एका घरातली मुलगी तांब्या घेऊन समोर उभी होती. एखाद्या गोष्टीत हे मी वाचलं असतं तर त्यातल्या मुलीनं सांगाडा लाथेनं उडवावा असं माझं म्हणणं असतं. मी म्हणाले, "राहू दे. पूर्ण कर."

का म्हणाले? तत्त्वासाठी नाही, मैत्रीसाठीही नाही. आत गार होतं. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि आत ओल्या लिंबाचा वास, फुलोऱ्याचे कण खांद्यावर, उजेड पानांतून गाळून येणारा, पोपटी. कुणाला मी दिसत नव्हते. जन्मभर मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बाजू, कुठल्या तरी मुद्द्याचं उत्तर म्हणून उभी राहिले आहे. त्या टोपल्यात मी काहीच नव्हते. मला तिथून उठावंसं वाटेना. पानं सुकत आली की मीच म्हणायचे, "टाक गं पाणी." ती आता वाकून, बेतानं, न हसता ओतायची.

चित्र संध्याकाळपर्यंत झालं. अप्रतिम झालं. हिरव्या अंधाराचा एक उभा ढीग, खाली दोन मातकट पाय, आणि पानांच्या फटीत काहीतरी, डोळा म्हणावा तर डोळा. मैत्रिणीनं विचारलं, नाव काय द्यायचं. ती धोंडी म्हणायला तयार होती. मीच म्हणाले, "इंग्लंडचंच राहू दे. लंडनच्या धुराडेवाल्यांचा हिरवा माणूस." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तसं लिहिलं.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या लहान हॉलमध्ये होतं. अण्णा येणार हे मला माहीत होतं. ते चित्रं कधी बघत नाहीत, पण माझी मैत्रीण म्हणून आले. पाचटाच्या अस्वलासमोर थांबले, बैलाच्या मुंडक्यापुढे नाक मुरडलं आणि हिरव्या माणसासमोर गेले ते तिथेच राहिले. चष्मा वर करून त्यांनी पाटी वाचली. मग मला हाक मारली. त्यांचा आवाज आनंदानं भरून आला होता.

"बग की हे. धुराडी झाडणारे लोक. वर्षभर काळे, आन् एक मे ला हिरवे होऊन रस्त्यावर! हे आपलं चित्र हाय."

मी हो म्हणाले.

त्यांनी मैत्रिणीला विचारलं, "बाई, हे औंदाच्या पत्रकावर छापलं तर चालंल का? तुमचं नाव टाकू खाली." तिला नाही कसं म्हणता येणार? ती म्हणाली, "चालेल की काका." आणि अण्णा लोकांना बोलवून बोलवून ते चित्र दाखवायला लागले. स्वतःच्या बापाची धोंडी, तिच्यात बसलेली स्वतःची मुलगी, आणि हा माणूस परक्यांना कौतुकानं सांगतोय की लंडनचे कामगार बघा. मैत्रीण मला जिन्यात गाठून म्हणाली, "तू सांगणार का मी सांगू?" मी सांगते म्हणाले.

सांगितलं नाही. आमच्या घरी पत्रक टाईप करायचं काम माझं. अण्णा सांगत गेले आणि मी लिहीत गेले, धुराडी, काजळी, हिरवा सण. मजकूर चांगला होत होता, त्यामुळे जास्तच वाईट वाटत होतं. कदाचित मी तसंच छापू दिलं असतं. पण अण्णा म्हणाले की या खेपेला ते पहिला गठ्ठा आपल्या गावात नेणार. तिथं म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, नुसता कागद देऊन काय उपयोग, म्हणून पत्रकं घेऊन ते तिथं कधी गेले नव्हते. आता चित्र आहे. वाचता आलं नाही तरी बघतील.

बघतील. आणि बघितल्या बघितल्या ओळखतील. आणि ज्यानं जन्मभर तो शब्द गिळला त्याच्या मुलाला पारावरचं कुणीतरी हसून विचारील की बापाचा फोटो वाटायला आलास का.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून मजकुरावरून शेवटचा हात फिरवत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सांगाडा, लिंब, तांब्या, ती अर्धी ओळ, पाटी माझ्याच सांगण्यावरून लागली तेही. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे न बघता चित्राच्या छापील प्रतीकडे बघत होते.

"तुला कुणी बसवलं?"

"कुणी नाही. मीच बसले."

"उठावं वाटलं आसतं तर उठली आसतीस?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग अगदी दबक्या आवाजात, एखाद्या परगावाहून आलेल्या माणसाला तिकडची खबर विचारावी तसं विचारलं, "आतून कसं आसतं गं? माझ्या बापानं कधी सांगितलं न्हाई."

त्यांच्या हातात पेन होतं.

मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आत गार होतं. पण समोर साठी ओलांडलेला माणूस बापाच्या दुःखाची वाट बघत बसला होता, त्याला मी कसं म्हणू की आत मला बरं वाटलं? मी पत्रकातलं वाक्य दिलं. म्हणाले, "श्वास कोंडतो, अण्णा. आपण माणूस आहोत हे विसरायला होतं."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग त्यांनी लंडनचा सगळा मजकूर बाजूला ठेवला आणि एका बैठकीत नवा लिहिला. त्यात आजोबा होते, एसटीची वाट होती, म्हाताऱ्याची हाक होती, उठून बाहेर जाणं होतं. कोण ओततं आणि कुणाला उभं राहावं लागतं, हे इतक्या साध्या शब्दांत त्यांनी आधी कधी लिहिलं नव्हतं. वर चित्र. खाली, सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत माझी ती दोन वाक्यं एका ओळीत, आणि त्याखाली 'पाल्यात बसलेल्या मुलीचे शब्द'. मी ते स्वतःच्या हातानं टाईप केलं. एक शब्द बदलायचं धाडस झालं नाही.

एक मे ला ते पत्रक परभणीत वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं, गावात वाटलं. गावात अण्णांना कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं चित्र कपाळाला लावलं म्हणे. मैत्रिणीनं प्रदर्शनातली पाटी बदलून धोंडी केली आणि खाली लिहिलं, 'आमच्या दारात यायचा. मी ओतलंय.' तिच्या मोठ्या भावानं तिला विचारलं की घराची अब्रू भिंतीवर टांगायला तुला शाळेचा पगार मिळतो का, आणि ती त्याच्याशी अजून बोलत नाही. तिनं तिचं खरं पुढे ठेवलं होतं आणि त्याची किंमत ती देत होती. माझं खोटं मात्र फुलत चाललं होतं. लोकांनी ती ओळ मोबाईलवर पुढे पाठवली, स्टेटसला ठेवली. एका सभेत एका मुलीनं ती पाठ म्हणून दाखवली आणि माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले.

तेव्हापासून मला त्या ओळीची शिसारी यायला लागली. ती खोटी होती, एवढंच कारण नव्हतं. तिनं अण्णांच्या मजकुराचं नुकसान केलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की अपमान हुकमात होता, निरोप यायचा आणि जायचं, यात होता. मी तो पाल्यात नेऊन टाकला. म्हणजे उद्या कुणी म्हणेल, पाला जरा पातळ बांधा, श्वास घ्यायला फट ठेवा, झालं. मी हवं तेव्हा उठू शकत होते, म्हणून मला तिथं बरं वाटलं. त्यांना उठता येत नव्हतं. सांगायचं ते एवढंच होतं आणि नेमकं तेच मी झाकलं.

मग एक दिवस अण्णा म्हणाले की येत्या चौदा एप्रिलच्या फलकावर बाकी काही नको, तुझी ती ओळ तेवढी टाकू. मी तिथल्या तिथे सांगितलं की ती ओळ खोटी आहे. आत श्वास कोंडला नव्हता. मला उठावंसं वाटत नव्हतं. मीच पाणी मागून घेत होते.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या हातचं काही छापणार नाही.

"म्हंजे आत गार आसतं?" त्यांनी विचारलं.

"मला तरी गार होतं, अण्णा."

"कितीक?"

मी सांगितलं. वास, पोपटी उजेड, मानेतून उतरणारं पाणी, कुणाला न दिसणं. काही राखलं नाही. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"मग बरं हाय की," ते म्हणाले. "तेवढं तरी गार लागलं आसंल त्याला."

हे मला सुचलंच नव्हतं. आजोबांच्या त्या सगळ्या दिवसांत एखादा क्षण त्यांचा स्वतःचा असू शकेल, पाल्याच्या आत, जिथं गावाची नजर पोचत नव्हती. तोही मी त्यांच्या नावावर राहू दिला नव्हता. अण्णांना बापाबद्दल पहिल्यांदा काहीतरी कळू शकत होतं, आणि त्यांच्या हातात मी घोषणा दिली होती.

अण्णांनी माळ्यावरून उरलेला गठ्ठा काढला, ओट्यावर बसले आणि बॉलपेननं एकेका पत्रकावरची शेवटची ओळ खोडायला लागले. पट्टी लावून, सरळ. मी मदतीला बसले तर म्हणाले, "हे मी करतो. गेलेल्यांचं तू बग."

गेलेली पत्रकं कुठं कुठं गेली, मला माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे. पानांचा माणूस छापलेलं ते पत्रक तुमच्या घरात, दुकानात, मोबाईलमध्ये असेल तर कृपा करून त्याची शेवटची ओळ खोडा. 'पाल्यात बसलेल्या मुलीचे शब्द' याच्या वर तुमच्या अक्षरात लिहा, 'आत गार होतं, कारण मला उठता येत होतं.' आणि ते ज्या कुणाला पाठवलं असेल, वाचून दाखवलं असेल, त्यांनाही खोडायला सांगा. वरचा मजकूर खरा आहे. तो राहू द्या.